सर्पगंधाची गोळी

आमच्या भोसरीतल्या डॉक्टरचा मला अजून राग येतो. तो मेला, तरी येतो.

माझे वडील कारखान्यात फिटर होते आणि शिवीशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. चहा फिका झाला, कुणी उंबऱ्यात चपला काढल्या, बस चुकली, प्रत्येकाला वेगळी शिवी. सत्तरच्या दशकात कधीतरी कंपनीच्या तपासणीत रक्तदाब निघाला आणि या डॉक्टरनं रोजची एक बारीक पांढरी गोळी लावून दिली. पुढच्या काही महिन्यांत माणूस गप्प झाला. पोक काढून भिंतीशी बसायचे, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. शेवटी कामावर जाणंही सुटलं. कुणीतरी करणी केलीय, असं नातेवाईक सांगून जात. आईनं अंगारे-धुपारे केले, पण गोळी एक दिवस चुकू दिली नाही.

मी तेव्हा पिंपरीला एका प्रयोगशाळेत उदासीवरच्या औषधांचं संशोधन करत होते. नवं औषध तपासायचं तर आधी उंदीर उदास करावा लागे. त्यासाठी सर्पगंधाच्या मुळातून काढलेलं औषध टोचायचं. त्यानं मेंदूतली काही रसायनं रिती होतात. थोड्या वेळात उंदीर पोक काढून कोपऱ्यात बसतो, त्याच्या पापण्या मिटू लागतात. त्या किती मिटल्या हे बघून आम्ही गुण द्यायचो. एका दुपारी गुण देता देता माझा हात थांबला. घरी येऊन गोळ्यांच्या बाटलीवरचं नाव वाचलं. तेच औषध.

मी तडक डॉक्टरकडे गेले. त्यानं मला बस म्हटलं नाही.

"प्रेशर उतरलंय ना? मग झालं. आणि उदास बायका होतात. कंपनीतल्या माणसाला कसलं आलंय मन? तुम्ही तुमचे उंदीर सांभाळा."

त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून त्याच्या टकलात घालावा, असं मला मनापासून वाटलं. घरी आई त्याच्यावर ताण.

"डाक्टरपरीस तू शानी हायस व्हय? गोळी न्हाई बंद व्हायाची."

मग आईशी कडाकडा भांडून मी वडिलांना पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं ऐकून घेतलं, वडिलांना तपासलं आणि गोळी बदलून दिली. काही आठवडे काहीच झालं नाही. आई रोज मला टोचून बोलत होती, मी दात-ओठ खात होते. एका सकाळी न्हाणीतून आवाज आला, "पानी तापवायला समदं घर मेलं का काय?" मी पोळपाटावरच रडले.

बरे झाल्यावर वडील कुणाकडे गेले असतील? पेढे घेऊन त्याच डॉक्टरकडे. आईनंच पाठवलं. परत आले ते खिशात त्याच जुन्या गोळ्यांची बाटली घेऊन.

"डाक्टर म्हनला, आता बरं हाय तर हीच घ्या. हिच्यानंच गुन आला."

मी बाटली हिसकावली, मोरीत रिकामी केली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं. वडील चवताळले. माझं शिक्षण, माझे उंदीर, माझं न झालेलं लग्न, सगळ्यांचा त्यांनी उद्धार केला. शेजारी दारात जमले. आई म्हणाली, बापाची माफी माग. मी तांब्या हातात धरून तिथंच उभी राहिले आणि त्यांची एकेक शिवी ऐकून घेतली. सगळ्या जुन्या होत्या, एकही विसरले नव्हते.