तोंडाशी घेतलेलं माप

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा थोरलीला तिचं काहीच खुपलं नव्हतं. उलट मदतीला दोन हात आले म्हणून बरंच वाटलं होतं. खुपायला लागलं ते सासऱ्यांनी आपल्या कामाच्या टेबलाशेजारचं, खिडकीजवळचं स्टूल धाकटीला दिलं तेव्हापासून.

घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या, ठासणीच्या रायफलींनी नेमबाजी करणारी हौशी मंडळी लांबून त्यांच्याकडे यायची. काम मोठं नाजूक. नळीला आतून पिळदार खाचा असतात. गोल गोळी नळीपेक्षा किंचित लहान हवी आणि तेलकट कापडात गुंडाळून ती ठासली, की त्या कापडाने खाचा भरायला हव्यात. सैल झाली तर नेम गेला, घट्ट झाली तर गोळी मधेच रुतली. या गोळ्या थोरली ओतायची. शिसं वितळवून साच्यात ओतायचं, निवलं की शेपटी छाटायची. लग्न होऊन आल्यापासून हे काम तिचं. सासरे गोळी उजेडात धरून बघत आणि नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"वर ती खूश असायची.

आणि ही कालची पोर! मायक्रोमीटर लावून एक आकडा सांगितला काय, सासरे म्हणाले, "वा! हात आहे पोरीला." शिवाय मान वळवून म्हणाले, "थोरले, चहा टाक गं आम्हाला."

आम्हाला! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या चहात साखर घालायला ती विसरली, की मुद्दामच घातली नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"तिला हौस आहे, शिकू दे की," नवरा म्हणाला.

"शिकू दे ना. मी कुठं अडवलंय?" म्हणत तिने पातेलं आपटलं.

अशात दुकानाचं जुनं गिऱ्हाईक असलेले चष्मेवाले काका आपली रायफल घेऊन आले. नेम हलतोय, गोळीचं माप नव्याने ठरवून द्या, म्हणाले. सासऱ्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांनी काम धाकटीवर सोपवलं. धाकटीने नळीच्या तोंडाशी माप घेतलं, हिशेब केला, साचा निवडला.

थोरली दारात उभी राहून बघत होती. ही नळी तिने कितीदा साफ केली होती. वर्षानुवर्षं ठासायचा गज घासून तोंड झिजलेलं, पण आत नळी आवळत गेलेली. फडकं लावलेला गज निम्म्यावर गेला की हात जड व्हायचा. अशा नळीचं मागचं बूच काढून मऊ शिशाचा गट्टू आरपार ढकलायचा आणि मग त्याचं, म्हणजे सगळ्यात अरुंद जागेचं, माप घ्यायचं, हे तिने सासऱ्यांना करताना पाहिलं होतं. सांगायला तिने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, या साच्यात ओता हं. आणि नीट ओता, आत हवा राहायला नको."

मला शिकवते! थोरलीने तोंड मिटलं. गोळ्या मात्र अशा सुरेख ओतल्या, की नाव ठेवायला जागा नको. गोळी नळीत अडकेल, काकांसमोर धाकटीचं हसं होईल, मग ती उपसून काढू. एवढंच तिच्या मनात होतं.

चाचणीला सगळे मागच्या मातीच्या बांधापाशी गेले. थोरली गेली ती धाकटीचा चेहरा बघायला. दारू भरून गोळी ठासायचं काम तिच्याच नवऱ्याने अंगावर घेतलं. तो दांडगा गडी. गज अडला तसा त्याने वरून हातोडीचे ठोके दिले. गज हलेना, तेव्हा गोळी तळाला बसली असं समजून त्याने तो ओढून काढला. गज नवा होता, त्यावर गोळी तळाला पोचल्याच्या खुणेची रेघही नव्हती. पण तो नळीबाहेर केवढा उरला होता, ते थोरलीने पाहिलं होतं. दारू तळाशी, गोळी निम्म्यावर आणि मधे पोकळी. अशी नळी फुटते, आणि फुटते ती धरणाऱ्याच्या तोंडापाशी.

नवऱ्याने रायफल खांद्याला लावली.

"अहो, थांबा! उडवू नका!" ती धावत गेली आणि बाजूने त्याचा कोपर धरून लोंबकळलीच.

सासऱ्यांनी गज आत घातला, नळीच्या तोंडाशी अंगठा धरला, मग तोच गज काढून बाहेरून नळीला लावून पाहिला. टोक निम्म्यावरच आलं.

"तुला कसं कळलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नळी आत आवळलीय. मला आधीपासून माहीत होतं."

"ताई, मग मला बोलला का नाहीत?" धाकटी रडवेली झाली.

"तू विचारलंस का?" थोरली म्हणाली आणि ते शब्द तिच्याच कानाला कडू लागले.

"ती चुकली," सासरे म्हणाले. "पण तू तिला चुकू दिलंस. आणि समोर तुझा नवरा होता." एवढं बोलून ते घराकडे चालू लागले.

पुढे बरेच दिवस ते आपला चहा आपणच करून घेत. नवरा रागावला नाही. ते तिला जास्त लागलं. शेवटी एका सकाळी तिनेच धाकटीला हाक मारली. गोळी आणि दारू केव्हाच काढून घेतलेली रायफल शिकंज्यात धरली, मागचं बूच काढलं, शिशाचा गट्टू तेलात बुडवून नळीत घातला आणि गज धाकटीच्या हातात दिला. "ढकल. सावकाश. हात कुठं जड होतो ते बघ."

"इथं!" धाकटी ओरडली.

लहान गोळी आणि जाड कापड, असा मेळ दोघींनी मिळून बसवला. चष्मेवाल्या काकांचा नेम लागला आणि सासऱ्यांनी पुन्हा धाकटीचीच पाठ थोपटली. थोरलीच्या पोटात पुन्हा दुखलंच. पण या वेळी तिने ते गिळलं नाही.

"बाबा, तिला शिकवलं मी आहे."

"बरं झालं सांगितलंस," सासरे म्हणाले. "आता चुकली तर दोघींना बोलेन."