भिंतीपलीकडची फळवाली

ऑनलाइन खेळातली मिस रोझी मीच होतो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तळेगावात आमच्या शेजारी गिरणीवाल्या वहिनी राहतात. दळणाचा डबा हातात घेण्याआधी त्या नव्या माणसाला "कुणाच्या तुम्ही? गाव कुठलं?" असं विचारणारच. सध्या त्या मोबाइलवर इंग्रजी शिकतात. पास झाल्या, तर सणसवाडीच्या कंपनीत रिसेप्शनला लागतील. त्या कोर्समध्ये एक खेळ आहे. पडद्यावरच्या बाजारात कुणी दुकानदार होतं, कुणी गिऱ्हाईक, आणि सगळा व्यवहार इंग्रजीत टाइप करायचा. पन्नाशीत शिकायची लाज, म्हणून मीही बाईचं नाव घेऊन चोरून त्यात शिरलो होतो.

परीक्षेच्या फेरीत मला एक फळवाली मिळाली. त्या वहिनीच आहेत, हे भिंतीतून कळलं, कारण टाइप करताना त्या मोठ्यानं बोलतात. मी सफरचंदं मागितली.

"फर्स्ट टेल. यू विच व्हिलेज?"

"लंडन."

"लंडन बिग. हूज डॉटर?"

मला हसू फुटलं. पलीकडून हाक आली, "भावजी, काय झालं वो?" घाबरून मी खेळच बंद केला. गिऱ्हाईक सौदा सोडून गेलं की दुकानदार नापास, असा तिथला नियम.

सकाळी वहिनी म्हणाल्या, "लई घमेंडी बाई हुती. बापाचं नाव सांगाया जड झालं तिला!"

"व्हय, तसल्याच असत्यात," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात त्यांची फेरपरीक्षा आहे. त्या नापास झाल्या त्या माझ्यामुळं, हे त्यांना सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.