तिकडची काळी द्राक्षं आणि छाटणीचा नारळ

माझा मुलगा उत्तर मॅसेडोनिया नावाच्या देशात द्राक्षाच्या बागेत कामाला आहे. तो म्हणतो, सातारा, सांगली आणि कोल्हापूर एकत्र केले की तेवढाच तो देश. तिथं द्राक्षं खायला कमी आणि वाइनला जास्त लावतात.

माझं माहेर लोणंदकडचं, कांद्याचं. सासर विट्याच्या पुढं, द्राक्षाचं. आमच्या भागातली पोरं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानांत कुठं कुठं लांब जातात, त्यामुळं पोरगं परगावी निघालं तर कुणी रडत बसत नाही. पण मुलाचा शेतीचा डिप्लोमा झाला आणि त्यानं ही नोकरी धरली, तेव्हा घरात वादळ झालं. माझ्या मालकांच्या, म्हणजे त्याच्या आबांच्या, गळ्यात तुळशीची माळ आहे.

ते म्हणाले, "द्राक्ष करायला म्या शिकवलं, आन तू त्याची दारू करणार व्हय?"

"आबा, ती वाइन असती. तिथं देवाच्या दारात बी लागती."

"मग त्याच देवाच्या दारात ऱ्हा."

तो गेला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. फोन माझ्याकडं यायचा. मालक शेजारी बसून पायातला काटा काढल्यासारखं करायचे, आणि मधेच हळू म्हणायचे, "जेवतो का इचार त्याला." मी विचारायचे. उत्तर त्यांना ऐकू गेलेलं असायचं, तरी मी पुन्हा सांगायचे. बोलण्यात मी कधीच पुढं नसते. चार बायका जमल्या की मी मान खाली घालून काम करते. आता मात्र बापाचं लेकाला आणि लेकाचं बापाला पोचवायचं काम माझ्याकडंच आलं होतं. मला भीती एकच होती, की अशीच वर्षं जातील आणि न बोलण्याचीच सवय होऊन बसेल.

विरळणीला येणाऱ्या बायकांना तर विषयच मिळाला. घडातले जादा मणी काढता काढता एकजण म्हणायची, "वैनी, पोरानं तिकडं हातभट्टी टाकली म्हणं."

दुसरी म्हणायची, "आमच्या घरच्यास्नी न्या म्हणावं. चव बघायच्या कामात लय हुशार हायती."

मी पण हसायचे. राग येत नव्हता. पण मालक जवळून गेले की सगळ्या गप्प व्हायच्या, ते मला टोचायचं.

मुलगा मला तिथल्या द्राक्षांचं सांगायचा. व्रानेत्स म्हणून एक आहे, काळंभोर. त्याचं नाव काळ्या घोड्यावरनं पडलंय म्हणे. त्याच्या रसानं हात रंगले की दिवसचे दिवस रंग जात नाही. तेम्यानिका पांढरं, त्याचं नाव त्यांच्या धुपावरनं, कारण वासच तसा. आणि स्तानुशिना म्हणून एक जुनं, फिक्या लाल रंगाचं, ते त्याच देशात होतं. पुष्कळांनी ते काढून व्रानेत्स लावलं, पण हा कामाला आहे त्या बागवाल्याच्या म्हाताऱ्या बापानं चार ओळी राखल्यात.

मी विचारलं, "खायला कसं लागतं रं?"

"बारीक मणी, जाड साल आन आत बिया. आपल्या बिनबियांच्या सोनाकाची सवय असल्यावर तू थुकून टाकशील, आई."

वाइन कशी लागते हे मला माहीत नाही. द्राक्ष आंबल्याचा वास मात्र माहीत आहे. अवकाळी पाऊस झाला त्या साली बांधावर मणी फुटलेल्या घडांचे ढीग पडले होते, माश्या घोंगावत होत्या आणि तो वास घरापर्यंत यायचा. आमच्याकडं तो वास म्हणजे साल वाया गेलं. मुलगा म्हणाला, तिथं तो वास सुटला की लोक आनंदानं एकमेकांचे हात हातात घेतात. मी हे मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "असंल."

गेल्या फेब्रुवारीत आमची काढणी चालू होती. दुपारची भाकरी खाऊन आम्ही मांडवाखाली बसलो होतो आणि मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं बर्फ पडलं होतं. वेलींना एक पान नव्हतं.

मालकांनी मागनं डोकावून बघितलं. "बाग मेली का काय?"

"झोपलीय," फोनमधनं मुलगा म्हणाला. तो मलाच सांगितल्यासारखं बोलला.

त्या दिवशी त्यांच्याकडं द्राक्षाच्या संताचा सण होता. त्या सणाला छाटणीचा पहिला काप घेतात. म्हाताऱ्यानं तो मान माझ्या मुलाला दिला होता. कुणीतरी फोन धरला आणि मुलानं कात्री चालवली. काडी खाली पडली, खुंटावर फुटव्याचे फक्त दोन डोळे राहिले.

आणि मालक बोलले. "आरं, एवढं मारतोस व्हय? घड काय बुडख्याला येणार?"

तिकडं कात्री थांबली. मुलगा फोनजवळ आला. "आबा, आपलं सोनाका वरच्या डोळ्यांस्नी घड देतं. ह्यो व्रानेत्स खालच्या दोन डोळ्यांवरच देतो."

"खालच्याच?"

"व्हय."

"दाव."

त्यानं गेल्या सालचा खुंट जवळनं दाखवला. मालकांनी फोन माझ्या हातातनं घेतला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. तेवढ्यात म्हाताऱ्यानं पेला घेऊन कापलेल्या वेलीवर लालभडक काहीतरी ओतलं. बर्फावर डाग पडला.

"काय वतलं ते?"

मुलगा जरा घाबरत म्हणाला, "वाइन. बाग चांगली यावी म्हणून."

मला वाटलं, आता फोन ठेवतील. मालक म्हणाले, "वेलीचंच वेलीला दिलं म्हणायचं." फोन माझ्याकडं दिला आणि क्रेट उचलायला गेले.

त्यानंतरही ते माझ्यामार्फतच बोलत होते, पण प्रश्न बदलले. जेवतो का हे मागं पडलं. "त्या म्हाताऱ्याच्या चार ओळींचं काय झालं, इचार." "फवारणी किती करत्यात, इचार." मी विचारून विचारून दमले, पण असं दमायला मला आवडत होतं.

ऑक्टोबरात आमची छाटणी आली. आम्ही पहिल्या वेलीला हळद-कुंकू लावतो, कात्रीला लावतो, नारळ फोडून पाणी बुडाशी सोडतो, मग छाटणाऱ्या मजुरांची टोळी कामाला लागते. सकाळीच माणसं आली. मालक नारळ हातात घेऊन बांधावर बसले, ते उठेनात.

टोळीचा मुकादम म्हणाला, "आबा, मुहूर्त चाललाय की."

"थांब रं. तिकडं अजून उजाडायचं हाय."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी चहा केला, परत एकदा केला. ऊन चांगलं वर आलं तेव्हा मालक म्हणाले, "लाव त्याला."

मुलानं फोन उचलला तो डोळे चोळत. हात कोपरापर्यंत जांभळे होते.

"काम चाललंय का?" मालकांनी विचारलं.

"व्हय आबा. व्रानेत्स तोडून आत आणलाय. आंबायला लागलाय."

मालकांनी मान डोलावली. नारळ फोडला, पाणी वेलीच्या बुडाशी सोडलं आणि मला म्हणाले, "नीट धर, त्याला दिसू दे." मग कात्री काडीला लावली आणि थांबले. वीस-पंचवीस सालं त्यांनी ही बाग कुणाला न विचारता छाटली आहे.

"किती डोळ्यांवर मारू रं?"

मुलगा फोनच्या अगदी जवळ आला.

"आपल्या बागेचं तुमालाच म्हाईत, आबा," मुलगा म्हणाला. "पर थोडी जवळ घ्या कात्री. मला बघू द्या."