राखून ठेवलेलं रक्त

दादाराव खंडाऱ्यांनी जन्मात कधी रक्तदान केलेलं नाही, हे लखनौच्या त्या सरकारी कार्यालयात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी शिबिर भरायचं, हॉलमध्ये खाटा लागायच्या, केळी आणि बिस्किटं यायची, आणि खंडारे आपल्या टेबलाशी बसून पेन्शनच्या फायली हातावेगळ्या करायचे. केळंसुद्धा घ्यायचे नाहीत. पैशाला चिकट माणसं लखनौनं पुष्कळ पाहिली होती, रक्ताला चिकट माणूस हा पहिलाच. हे मत कँटीनमध्ये सर्वानुमते मंजूर झालेलं होतं.

खरी गोष्ट अशी की खंडाऱ्यांचा रक्तगट भलताच दुर्मीळ होता. त्याला डॉक्टर 'बॉम्बे' म्हणतात. साध्या तपासणीत तो 'ओ' म्हणून खपून जातो, पण त्या गटाच्या माणसाला दुसरं कुठलंही रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्याला त्याच गटाचं लागतं, आणि तसलं माणूस हजारो लोकांत एखादंच. खंडारे मूळचे अकोल्याचे. मुंबई त्यांनी पाहिली ती भरतीच्या परीक्षेपुरती. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी हे रक्तगटाचं कौतुकानं सांगितलं, तर लोक वर्षभर त्यांना 'बंबईवाले' म्हणत समुद्राची चौकशी करत राहिले. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. रक्तपेढीतल्या डॉक्टर चित्रा बर्व्यांचा फोन आला की जायचं, रक्त द्यायचं, विकास नगरच्या क्वार्टरवर येऊन वरणभात खायचा आणि झोपायचं. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं ते म्हणत. कळायचं दोन्ही हातांना, कँटीनला तेवढं कळायचं नाही.

या नोव्हेंबरात वरून परिपत्रक आलं. रक्तदान ऐच्छिक असून ते सर्वांनी करावं. जे करणार नाहीत त्यांनी लेखी कारण द्यावं. ज्या कार्यालयाचा सहभाग शंभर टक्के, त्याला मानाची ढाल. शिबिर डिसेंबरच्या मध्यावर.

कार्यालयाचे प्रमुख रस्तोगी साहेब जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. शिपायालाही 'आप' म्हणणारा माणूस. उभ्या नोकरीत सरकारनं त्यांना बदलीच्या ऑर्डरींखेरीज काही दिलं नव्हतं. ढालीसाठी त्यांनी महानगर मोहल्ल्यातल्या आपल्या घरच्या शोकेसमधून फुलदाणी हलवून ठेवली आहे, अशी बातमी त्यांच्या ड्रायव्हरनं आणली. ती खरी होती.

नेमका त्याच आठवड्यात चित्राबाईंचा फोन आला.

"खंडारे, मलिहाबादची एक मुलगी आहे, गुड्डन. तुमचाच गट. जानेवारीच्या शेवटाला बाळंतपण. पहिल्या खेपेला इतकं रक्त गेलं की जेमतेम वाचली. तेव्हा गावाला जाऊ नका, आणि कृपा करून आजारी पडू नका."

"मग आत्ताच येऊन देऊन ठेवू का, मॅडम?"

"पिशवी महिना-सव्वा महिना टिकते. आत्ता घेतली तर ती बाळंतपणाच्या आधीच फेकावी लागेल, आणि तुमचं पुन्हा तीन महिने घेता येणार नाही. या शहरात मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सापडलेलं नाही. लागलं तर ऐनवेळीच घेऊ. तोवर जिथं आहात तिथं नीट राहा, बस."

नीट राहण्याचं काम मग मलिहाबादनं अंगावर घेतलं. गुड्डनचा सासरा रामऔतार एका आमराईचा राखणदार होता. तो रोज संध्याकाळी फोन करू लागला. "बाबूजी, खाँसी-वाँसी तो नहीं? मफलर बाँधे हैं न?" बाजारात येणाऱ्या टेम्पोबरोबर बथुआची पालेभाजी, गूळ आणि बीट येऊ लागलं. खंडारे स्कूटरवर बसले की त्यांच्या पत्नी सुनंदाबाई दारातून कानटोपी हातात देत, आणि संध्याकाळी गूळ-शेंगदाण्यांची वाटी पुढ्यात ठेवत.

"तिकडं तिला सातवा, इकडं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "डोहाळजेवण कधी करायचं तेवढं सांगा, म्हणजे मी आधी फुलं सांगून ठेवते."

खंडाऱ्यांनी वाटी संपवली. बीट त्यांना मनापासून आवडत नसे, पण तेही त्यांनी संपवलं.

त्यांचा मुलगा बंटी कॉलेजात होता आणि तिथंही असलंच परिपत्रक पोचलं होतं. त्याचा गट साधा, आईवर गेलेला. रक्त देऊन तो सर्टिफिकेट घेऊन आला आणि मोबाइलवर त्याचा फोटो सगळ्यांना पाठवून मोकळा झाला.

"सर्टिफिकेटसाठी दिलं ते दान कसलं?" खंडारे म्हणाले. "सरकारनं मागे लागून करवून घ्यायची गोष्ट आहे का ही? मनातून आलं पाहिजे."

"पापा, मन में तो कब से था, यार. कोई बोलता तब न," बंटी म्हणाला.

"कागदासाठी गेला असेल, पण रक्त तर खरंच दिलं ना?" सुनंदाबाई म्हणाल्या. "ज्याला चढेल तो काय कागद बघणार आहे?"

 खंडारे हात धुवायला उठले. त्यांना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पोराला कुणी बोलावलं नव्हतं, यात बाप म्हणून आपणही आलो.

शिबिराच्या आदल्या दिवशी रस्तोगी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. खंडाऱ्यांनी इतक्या वर्षांचा खडा कानातून काढला आणि सगळं सांगितलं. बॉम्बे, गुड्डन, पिशवी, तीन महिने.

"लेकिन आप तो अकोला के हैं," साहेब म्हणाले.

"जी. ग्रुप का नाम है, साहब. डॉक्टर की चिट्ठी ला दूँगा."

 इतक्या वर्षांत रक्त न देण्याची कारणं साहेबांनी बरीच ऐकली होती. मधुमेह, नवस, बायकोची शपथ. मुंबई पहिल्यांदाच आली होती.

"अच्छा," ते म्हणाले. "चिट्ठी से प्रतिशत तो नहीं बढ़ेगा, खंडारे जी. एक काम कीजिए. बस लेट जाइए. फोटो हो जाएगी, सुई कोई नहीं लगाएगा. कल की ही तो बात है."

हे फर्मान नव्हतं, विनंती होती, आणि तेच अवघड होतं. साहेब त्यांना एकदाही उणा शब्द बोलले नव्हते. खंडाऱ्यांच्या डोळ्यांपुढं ती शोकेसमधली रिकामी जागा आली. पण दर रविवारी विहारात ते पंचशील म्हणत, आणि त्यात खोटं बोलणार नाही असं एक वचन होतं. ते वचन फोटोला लागू नाही असं कुठं म्हटलेलं नव्हतं.

"नहीं होगा, साहब," ते म्हणाले. "जो दिया नहीं, उसकी फोटो कैसे दूँ?"

चहा तसाच राहिला.

शिबिर झालं. खंडारे सोडून सगळ्यांनी रक्त दिलं, ज्यांना सुईची भीती होती त्यांनीसुद्धा. ढाल कानपूरच्या कार्यालयाला गेली. कँटीनमध्ये खंडाऱ्यांच्या टेबलावर मग कुणी बसेना. साहेब पूर्वीइतकंच गोड बोलत, फक्त आता कामापुरतं. खंडाऱ्यांना ते फार लागलं. एकदा स्कूटर रस्त्याकडेला लावून त्यांनी चष्मा पुसला, पण धुकं होतं, तेव्हा कुणाला काही कळलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एका सकाळी चित्राबाईंनी बोलावलं. गुड्डनचं ऑपरेशन करावं लागणार होतं. खंडाऱ्यांनी रजेसाठी साहेबांना फोन करून कारण सांगितलं. "अच्छा," साहेब म्हणाले.

हॉस्पिटलात तपासण्या उरकल्या. चित्राबाईंनी त्यांना ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसवलं. हाक आली की एक मिनिटही फुकट जायला नको, म्हणून खंडाऱ्यांनी स्वेटर काढून मांडीवर घेतला आणि उजवी बाही दंडापर्यंत वर दुमडली. थंडी मरणाची होती. समोर रामऔतार भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. तो दाराकडं बघत नव्हता, खंडाऱ्यांच्या हाताकडं बघत होता.

दुपार कलली तेव्हा चित्राबाई बाहेर आल्या.

"मुलगी झाली. दोघी छान आहेत. रक्त लागलं नाही, खंडारे."

रामऔतार बसल्या जागीच रडायला लागला. खंडाऱ्यांना आनंद झाला, पण त्याच्याही आधी त्यांची चक्क निराशा झाली. दोन महिने बीट खाल्लं, मफलर बांधला, कार्यालयात वाळीत पडलो, आणि शेवटी आपलं रक्त आपल्याच अंगात. एका लेकराच्या आईचं रक्त गेलं नाही याचं आपल्याला वाईट वाटतंय, हे लक्षात आलं तेव्हा त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी मान खाली घातली. बाही खाली करायचंही त्यांना सुचलं नाही.

असेच ते बसलेले असताना रस्तोगी साहेब जिना चढून आले. खरंखोटं बघायला आले की आणखी कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

"कितना दिया, खंडारे जी?"

"एक बूँद नहीं, साहब. ज़रूरत ही नहीं पड़ी."

 चित्राबाई अजून तिथंच होत्या. ढालीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. मराठी माणूस असा मान घालून का बसलाय, एवढंच त्यांना कळेना.

"अहो, सर्जन बाईंनी मला दोनदा विचारलं, डोनर बाहेर बसलाय ना?" त्या म्हणाल्या. "बसलाय म्हटलं, तेव्हा सुरी हातात घेतली. नाहीतर ही केस इथं कुणी घेत नव्हतं."

मग साहेबांकडं वळून त्यांनी तेच हिंदीत सांगितलं. रामऔतारनं ते ऐकलं आणि मोठ्यानं "हाँ साहब, हाँ" म्हणाला.

रस्तोगी साहेब बाकावर खंडाऱ्यांच्या शेजारी बसले.  मग त्यांनी खंडाऱ्यांचा गारठलेला हात आपल्या मांडीवर घेतला, दुमडलेली बाही एकेक घडी उलगडत मनगटापर्यंत खाली आणली आणि बटण लावलं.