पाठ टेकायची फळी

आमच्या माझगावच्या होड्यांच्या शेडमध्ये किस्से भुशासारखे साचायचे. संध्याकाळी झाडून काढावेत, सकाळी पुन्हा पायाखाली! बोलायचे ते इतर. मी रंधा मारत ऐकायचो. आता सांगायला मीच उरलोय.

*

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. जानकीबाय कोळीण होडी घेऊन आली. म्हणाली, "मागची फली जरा घासून रंगवा. गेल्या सालीच रंग दिलाय."

आमच्या गणू मेस्त्रींनी फळीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला!

"बाय, तुझी होडी लाकडावर नाही, रंगावर तरंगतेय!"

ती हसली नाही. "मेस्त्री, नारली पुनवेला होरी पान्यान नाय गेली, तं माजं खलाशी दुसऱ्याच्या होरीवर जातील."

"जाईल पाण्यात," मेस्त्री म्हणाले. हातात नऊ दिवस होते.

*

कुजलेली फळी काढली, आणि दुसऱ्याच दिवशी हरताळ! लाकडाच्या वखारी बंद.

मेस्त्री उठून घरी गेले आणि सागाची रुंद, सुकून खडखडीत झालेली फळी डोक्यावर घेऊन आले. मागोमाग त्यांची बायको. "अहो, आता झोपणार कशावर?"

"आठवडाभर झोपायला वेळ कुणाला आहे?"

*

सांध्यांत ठोकायला कापूस लागतो. तो आणला लालबागच्या शांतारामनं. गिरणी कामगार, आमचा दोस्त. जाताना नव्या फळीवर ब्रशनं लिहून गेला, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!'

सकाळी हवालदार हजर. "हे होडीवर कशाला?"

मेस्त्री म्हणाले, "मागची फळी आहे, साहेब. पाठलाग करणाऱ्यालाच वाचता येते."

हवालदारानं दोनदा वाचलं. इकडेतिकडे बघितलं. "शेवटची अक्षरं पुसट आलीत," तो हळूच म्हणाला. "ठळक करा!"

*

पुनवेच्या सकाळी होडी पाण्यात उतरली. आमच्यात रिवाज होता, ज्यानं फळी बसवली त्यानं पहिल्या फेरीत तिलाच पाठ टेकून बसायचं. मेस्त्री बसले, शेजारी मी, वल्ह्यावर शांताराम. धक्क्यावर खलाशी हाताची घडी घालून उभे.

मेस्त्रींनी माझं मनगट असं आवळलं, की बोटं बधिर झाली.

फेरी मारून परत आलो. जानकीबायनं मेस्त्रींच्या सदऱ्यावर मागून हात फिरवला. कोरडा! ती खलाशांकडे वळून ओरडली, "जाली आना रं!"

"मेस्त्री, आता तरी हात सोडा," मी म्हटलं.

"पोहता येत नाही रे मला."

"चाळीस वर्षं होड्या बांधताय, आणि पोहायला शिकला नाहीत?"

मेस्त्री धक्क्यावर चढले. "शिकलो असतो, तर सांधे असे बसले असते?"