सुशीलाबाईंना न कळलेले भूकंप

कोयनेकडे जमीन जरा हलली, की नारायण पेठेतल्या दीनानाथ खांबेट्यांची पोस्टकार्डं बावीस घरांत जाऊन पडायची. भांडी वाजली का? टांगलेला दिवा हलला का? भिंतीवरचा फोटो वाकडा झाला का? भूकंप कचेरीतले साधे कारकून, पण तोरा साहेबाचा! म्हणायचे, "जमीन किती हलली ते यंत्र सांगेल हो. माणसाला किती जाणवली, ते माणसालाच विचारायला नको?" उत्तरंही अस्सल पुणेरी यायची. फोटोच्या प्रश्नावर एकाने लिहिलं होतं, 'आधीपासून वाकडाच आहे. येऊन सरळ करून जावे.'

तेविसावं कार्ड त्यांचं स्वतःचं. चोविसावंही घरचंच, त्यांच्या पत्नीचं, सुशीलाबाईंचं. त्यावर तीस वर्षं एकच शब्द: 'नाही'. "डोंगर कोसळला तरी हिला पत्ता लागायचा नाही," असं दीनानाथ चारचौघांत सांगायचे आणि स्वतःच हसायचे. बाई भाजी निवडत राहायच्या.

ते निवृत्त झाले, कार्डं मात्र चालूच राहिली, आणि कचेरीत कॉम्प्युटर आले. यंत्रातल्या आकड्यावरून लोकांना हादरा किती जाणवला असेल हे सांगणारा प्रोग्रॅम करायला पूर्णिमा नावाची आयटीतली चुणचुणीत मुलगी आली. एका सकाळी तिने दीनानाथांना बोलावून घेतलं.

"काका, हे दोन भूकंप बघा. यंत्राचा आकडा सेम आहे. पण बुधवारचा फारसा कुणाला जाणवलाच नाही आणि रविवारचा जवळजवळ सगळ्यांना. तुमची कार्डं मॅचच होत नाहीत."

कचेरीचे साहेब शेजारीच बसले होते. "आणि रविवारी आपल्याच घरात दोन उत्तरं! आपण लिहिता पलंग हलला, वहिनी लिहितात 'नाही'. अहो, विसंबायचं कुणावर? शनिवारी रद्दीवाला येतोय, देऊन टाकू."

तीस वर्षांची मेहनत आणि रद्दीत! दीनानाथ तणतणतच घरी आले.

"तुझ्या एका 'नाही'ने घात केला! दिवाळीआधीच्या त्या रविवारी अडीच वाजता होतीस कुठे?"

"कुठे असणार? ओट्यापाशी, उभी. चकल्या तळत होते. आडवे तुम्ही होतात. तुम्हीच काय, अख्खी पेठ आडवी होती."

दीनानाथांनी कपाळावर हात मारला. खरंच की! रविवारी दुपारी अडीच म्हणजे पुण्याची वामकुक्षी. पाठ टेकून निवांत पडलेल्या माणसाला बारीक हादराही कळतो. बुधवारी सकाळी अकराला हीच माणसं बाजारात, नाहीतर कामाच्या धांदलीत. म्हणजे यंत्रही खरं आणि कार्डंही खरी!

आल्या पावली ते कचेरीत परतले. पूर्णिमाने सगळी कार्डं वेळेप्रमाणे लावली, दुपारची वेगळी, कामाच्या वेळची वेगळी, आणि आकडे बरोब्बर जुळले. "काका, भारी! आता कार्डावर एक प्रश्न ॲड करू: आपण तेव्हा काय करत होता?"

साहेब एवढंच म्हणाले, "रद्दीवाल्याला नको म्हणून सांगा." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

दीनानाथांनी पेढे घेतले. पण जिना चढता चढता पाय थबकला. दुपारचे हादरे, पहाटेचे हादरे, तीस वर्षांत प्रत्येक वेळी 'नाही'. म्हणजे ही बाई एकदाही निवांत पडलेली नव्हती? आणि आपण तिला हसत होतो! दीनानाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी ओट्याचा ताबा घेतला. "तू आडवी हो."

"चहात साखर घालायला विसराल."

"विसरेन. तू आडवी हो."

असे दोन महिने गेले. एके दुपारी आतून हाक आली, "अहो! अहो, पलंग हलतोय!"

दीनानाथ उभ्याने चहा गाळत होते. त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. त्यांनी हात पुसले, दोन नवी कार्डं काढली आणि आपल्या कार्डावर मुकाट्याने 'नाही' लिहिलं. दुसरं सुशीलाबाईंपुढे ठेवलं.

बाईंनी चष्मा लावला. 'हो' लिहिलं. मग नव्या प्रश्नापाशी आल्या, आपण तेव्हा काय करत होता, आणि हसत हसत ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'झोपले होते.'