निरोपामागचं नाव

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आबा जाऊन महिना झाला. फोन आला तेव्हा मी गोठ्यात होते. मालक दारात येऊन म्हणाले, "दादा गेला." मी शेणाची पाटी खाली ठेवली... पुढं काय करायचं ते सुचेना.

आबा माझे थोरले दीर, इंदापूरच्या स्टँडवर एसटीचे कंट्रोलर. आमच्यात भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही, त्यांचं नावही घेत नाही. काही सांगायचं झालं तर सासूबाईंच्या तोंडून. आमचं घर वरकुट्याकडच्या रस्त्याला, ओढ्याच्या पुलाअलीकडं. पावसात मोबाइलचा टॉवर बंद पडला की पुलावर पाणी आल्याचं गाड्यांना कळवायची सोय राहत नसे, म्हणून आबांनी रस्त्याकडेच्या घरांना कामाला लावलं होतं. येणाऱ्या वाहनाबरोबर निरोप यायचा, आम्ही काठीला लाल फडकं बांधायचं आणि ड्रायव्हरला तोंडानं सांगायचं. टवाळ पोरं उगीच गाड्या फिरवत, म्हणून त्यांचा एक नियम होता. निरोप धाडणाऱ्याचं नाव सांगितल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी वळवायची नाही. सांगायचं काम सासूबाईंचं.

एका पावसाळ्यात त्या लेकीकडं वडगाव निंबाळकरला गेल्या होत्या, मालक रानात. इंदापूरकडून दुधाचा टेम्पो आला. पुलावर पाणी चढतंय, बारामतीकडून येणारी गाडी अडवा, आबांनी सांगितलंय, एवढं बोलून तो गेलासुद्धा. मी फडकं बांधलं. गाडी आली ती शाळेच्या पोरांनी दारापर्यंत भरलेली. पूल पाण्यात आहे, आबांचा निरोप आहे, असं मी कसंबसं सांगितलं.

ड्रायव्हर नवा होता. "कोण आबा? हितं घरटी एक आबा हाय. नाव सांगा, न्हायतर सरका बाजूला."

माझी जीभ उचलेना. त्यानं गिअर टाकला. पोरं खिडकीतून माझ्याकडं बघत होती...

"मारुती खंडू," मी म्हटलं. "इंदापूरचं कंट्रोलर."

दिराचं नाव, त्यात सासऱ्यांचंही, भर रस्त्यात. गाडी वळली.

पाणी उतरल्यावर आबा आले. ओसरीवर बसून सासूबाईंना म्हणाले, "आये, तिला म्हनावं, निरोप बराबर पोचला. आमच्या बापाचं नाव बी घातलंया म्हनं." सासूबाई हसल्या. मी आत चुलीपाशी. आमच्यात झालेलं बोलणं म्हणाल तर तेवढंच.

शेवटच्या आजारात आबांना दवाखान्यातून इंदापूरच्या घरी आणल्यावर मी त्यांना पाणी द्यायला गेले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओठ हलले. मी पदर पुढं ओढला. काही सांगायचं होतं का, कोण जाणे...

गेल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला, टॉवर गेला. बारामतीची गाडी आमच्या दारापाशी आपसूक हळू झाली. आता सगळ्याच ड्रायव्हरांना ती सवय आहे. त्यानं मान बाहेर काढली.

"काय निरोप, ताई?"

"आला न्हाय," मी म्हटलं.

त्यानं मान आत घेतली, गाडी निघाली. गाडी पुलापलीकडच्या चढाला लागेपर्यंत मी पावसात उभी राहिले.